फेरी आधी, घास मग

एका माळाच्या टोकाला, ओढ्याला लागून एक वाडगं होतं आणि त्या वाडग्यात एक म्हातारा कुत्रा राहत असे. वाडगं म्हणजे जनावरांची बसायची जागा, भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण. हे वाडगं कुणा माणसाचं नव्हतं. जनावरांनीच ते उभं केलं होतं. काटे गाढवानं ओढून आणले. ते रचले कसे, हे मला विचारू नका. गोष्टीत असलं सगळं जमतं.

वाडग्यात शेळी होती, कोंबडी होती, गाढव होतं आणि एक मेंढी होती. मेंढीला नुकतंच कोकरू झालेलं. कुत्रा या सगळ्यांचा राखणदार. राखणीबद्दल त्याला प्रत्येकाकडून वाटा मिळे. शेळी दूध घाली, कोंबडी तडकलेलं अंडं देई, गाढव गावाच्या उकिरड्यावरून भाकरीचा तुकडा आणी. मेंढीचं दूध कोकरालाच लागायचं, म्हणून ती कुत्र्याला अंथरायला लोकर देई. पण वाटा थेट त्याच्या तोंडात द्यायचा नाही, अशी रीत होती. कवाडाजवळ दगडाची एक डोणी होती. ज्यानं त्यानं आपला वाटा डोणीत टाकायचा आणि बाजूला व्हायचं. कुत्रा आधी कुंपणाच्या कडेनं एक फेरी मारी, प्रत्येक भोक हुंगे, आणि मग डोणीशी येई. "फेरी आधी, घास मग," एवढंच तो म्हणे. असं का, हे त्याला कुणी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. रीत चालू आहे तोवर कुणी विचारत नसतं. मोडली की सगळ्यांना प्रश्न पडतात.

होता होता कुत्रा म्हातारा झाला. दात गेले, कान गेले. नाक तेवढं शाबूत होतं. त्याच्याशी बोलायचं तर कानात ओरडावं लागे. दिवसा तो कवाडाजवळ उन्हात पडून घोरत असे. मेंढी एकदा शेळीला म्हणाली, "अगं बाई, हा गेला तर आपलं काय गं? राखणदार नसेल तर मी काही इथं राहायची नाही. माझं लेकरू एवढंसं."

"तू गेलीस तर मी कशाला राहीन?" शेळी म्हणाली.

"आणि मी एकटी काय कुंपणाशी बोलू?" कोंबडी म्हणाली.

म्हणजे वाडगं मोडायची वेळ आली होती. गाढवानं हे सगळं ऐकलं. दुसऱ्या दिवशी ते उकिरड्यावरून आलं ते पाठीवर एक कुत्र्याचं पिलू घेऊन. तांबडं, गुबगुबीत, एक कान उभा आणि एक मोडलेला.

"एकटंच कुईकुई करत होतं," गाढव म्हणालं. "मोठं झालं की राखण करील."

म्हाताऱ्या कुत्र्यानं पिलाला उलटंपालटं करून हुंगलं, पंजे पाहिले. "पंजे मोठे आहेत. अंगानं भरेल. पोट लहान आहे, तेव्हा थोडं थोडं आणि वरचेवर द्या. पण डोणीतच द्या, आणि फेरी झाल्यावर द्या."

"फेरी?" कोंबडी फडफडली. "एवढंसं लेकरू, त्याला कसली फेरी घालताय? धड चालता येत नाही त्याला. आपटतंय बघा कसं!"

"काय म्हणाली?" कुत्र्यानं विचारलं.

"काही नाही, आजोबा!" शेळी त्याच्या कानात ओरडली. "छान आहे म्हणतेय!"

आणि इथंच माशी शिंकली.

पिलाचे लाड सुरू झाले. लहान जीव घरात आला की मोठ्यांची अक्कल चरायला जाते, हे तुम्ही पाहिलंच असेल. नसेल तर आपल्या धाकट्या भावंडाकडे बघा. कोंबडी अंडं फोडून पिलाच्या पुढ्यात ठेवी. शेळी म्हणे, "माझ्याकडं ये रे सोन्या, ती मावशी तुला कोरडंच चारते." गाढव भाकरी चावून मऊ करून देई. पिलू कुणाच्या मागे जास्त धावतं यावरून रोज कुरबूर. "माझ्याजवळ निजलं होतं." "निजेना का, जेवायला माझ्याकडंच आलं ना?" मेंढी तेवढी लांब राहिली. तिनं त्याला निजायला लोकरीचा पुंजका दिला आणि आपलं कोकरू सांभाळत बसली.

एक दिवस पिलू नाकतोड्याच्या मागे लागलं. नाकतोडा उडाला आणि पिलाच्या तोंडून पहिल्यांदाच आवाज निघाला, "भुक्!" स्वतःच्याच आवाजानं ते दचकलं आणि बुडावर बसलं.

"भुंकलं! भुंकलं गं बाई!" कोंबडीनं वाडगं डोक्यावर घेतलं. शेळी धावली, गाढव उठलं. कोंबडीनं सगळा पिवळा बलक पिलाच्या तोंडात घातला. "आता झाला राखणदार," ती म्हणाली.

पिलू काही मूर्ख नव्हतं. बलक चाटता चाटता त्यानं विचार केला. आपण भुक् केलं, अंडं आलं. पुन्हा करून पाहू.

"भुक्!"

शेळी दूध घेऊन आली. "माझंही घे रे राजा."

झालं. त्या दिवसापासून पिलाला विद्या आली. भूक लागली की भुंकावं. कोंबडीकडून हवं असेल तर बारीक, भराभर भुंकावं, म्हणजे ती घाबरून लगेच देते. शेळीसमोर एकदा भुंकून मान वाकडी करावी. गाढव दुपारी झोपलं की त्याच्या कानाशी जाऊन मोठ्यानं भुंकावं. गाढवाला झोप प्यारी. ते डोळे न उघडताच भाकरीचा तुकडा पायानं पुढं सरकवी आणि म्हणे, "घे आणि गप बस बाबा." पिलू घेई आणि गप बसे.

म्हाताऱ्याला यातलं काही ऐकूच येत नव्हतं. त्याचा स्वतःचा वाटा संध्याकाळी डोणीत पडे, तो फेरी मारून खाई. एकदा त्यानं विचारलं, "पिलू डोणीकडं फिरकत नाही, ते का?"

"जेवलंय ते!" सगळ्यांनी एकदम ओरडून सांगितलं. खोटं नव्हतं ते.

पिलू इतकं जेवलं होतं, की त्याचं पोट जमिनीला लागू लागलं. मग ते पोट बिघडलं. कुठं बसावं याचा धरबंद राहिला नाही. एकदा तर कोंबडीच्या घरट्यातच कार्यक्रम उरकला. कोंबडीनं दिवसभर आरडाओरडा केला आणि संध्याकाळी, "बाळाचं पोट रिकामं झालं असेल," म्हणून दुप्पट चारलं. आता याला काय म्हणावं?

ओढ्याच्या पलीकडं करवंदीच्या जाळीत एक कोल्हा राहत असे. कोल्ह्याला घाई नसते. रोज जाळीत पडून तो वाडग्याकडं बघायचा. पिलू भुंकायला लागलं की कोल्हा कान टवकारी, पण वाडग्यात कुणी कुंपणाकडं बघत नसे. सगळे पिलाकडं बघत. भुंकणं झालं की पिलू खाई, खाऊन झालं की ते पडून राही, आणि मग पुन्हा भूक लागेपर्यंत चिडीचूप. कोल्ह्यानं हे एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, आणि ओठ चाटले.

कुंपणाला एक भोकही पडलं होतं. बाभळीचा कोवळा पाला दिसला की शेळीला राहवत नसे. काटे चुकवून पाला खाता खाता तिनं ओढ्याकडच्या बाजूला चांगलं खिंडार पाडलं होतं. म्हाताऱ्याच्या पायांत बळ नव्हतं, म्हणून त्याची फेरी आता अर्ध्यातूनच वळायची. त्याला ते खिंडार कळलं नाही.

ऐन दुपारची वेळ. शेळी, मेंढी, गाढव आणि कोंबडी कवाडाबाहेर लिंबाच्या सावलीत बसली होती. म्हातारा कवाडात घोरत होता. वारं त्याच्याकडून ओढ्याकडं वाहत होतं, त्यामुळं नाकाचाही उपयोग नव्हता. आत वाडग्यात कोकरू झोपलं होतं आणि त्याच्या शेजारी पिलू पडलं होतं, नुकतंच भरपेट जेवून.

खिंडारातून कोल्ह्यानं तोंड आत घातलं.

"काय रे, जेवलास का?" त्यानं हळूच विचारलं.

"जेवलो," पिलू म्हणालं आणि त्यानं ढेकर दिली.

"काय काय होतं?"

"दूध, अंडं आणि भाकरी."

"वा! आणखी काही हवंय का?"

"छे. जागाच नाही."

"मग नीज हं शहाण्या," कोल्हा म्हणाला.

पिलानं नाक शेपटीखाली घातलं आणि एक डोळा उघडा ठेवून ते बघत राहिलं. कोल्हा आला. त्यानं कोकराचा कान धरला आणि ओढायला लागला. कोकरू कळवळून ओरडलं, "ब्यां!"

मेंढीसारखी भित्री जात नाही, पण लेकराचा आवाज ऐकला आणि ती काट्याकुट्यातून सरळ आत घुसली. मागून गाढव. मेंढीनं डोकं मारलं ते कोल्ह्याच्या बरगडीत बसलं, आणि गाढवाची लाथ बसली ती तर विचारूच नका. कोल्हा खिंडारातून पळाला. त्याच्या शेपटीचे केस काट्यांना लटकत राहिले. कोकरू वाचलं. पण त्याच्या एका कानाचं टोक गेलं.

मग सगळे पिलावर तुटून पडले.

"तू इथं होतास ना रे?"

"होतो."

"कोल्हा दिसला नाही?"

"दिसला की. बोललो आम्ही."

"बोललास?" कोंबडीच्या अंगावरची पिसं उभी राहिली. "अरे मेल्या, मग भुंकला का नाहीस?"

पिलानं सगळ्यांकडं पाहिलं. प्रश्नच त्याला कळला नव्हता.

"मला भूक नव्हती," ते म्हणालं.

कोंबडी मटकन खाली बसली.

मेंढी कोकराचा कान चाटत होती. ती तोंड वर न करताच म्हणाली, "याला आजच ओढ्यापलीकडं सोडून या. नाहीतर मी निघाले."

गाढवानं म्हाताऱ्याला उठवलं आणि त्याच्या कानाशी ओरडून सगळी हकीकत सांगितली. म्हातारा लंगडत पिलापुढं आला. त्याच्याशी जो तो कानात ओरडूनच बोलत होता.

"कोल्ह्याचा वास आला होता?"

"आला, आजोबा. घाण होता."

"मग?"

"मग काही नाही. पोट भरलं होतं."

म्हातारा हसायला लागला. दात नसलेलं त्याचं बोळकं उघडं पडलं. मेंढीला भयंकर राग आला. "हसताय काय? माझ्या लेकराचा कान गेला!"

"म्हणूनच सांगतो, ऐक," म्हातारा म्हणाला. "पोरगं हुशार आहे. तुम्ही जे शिकवलंत ते त्यानं एक अक्षर न चुकता पाठ केलंय. ते भुंकलं की तुम्ही काय केलंत? खायला दिलंत. मग भुंकणं म्हणजे त्याच्या लेखी जेवण मागणं. जेवलेला माणूस परत पान मांडा म्हणून ओरडेल का? आणि गाढवा, तू त्याला 'घे आणि गप बस' म्हणायचास ना?"

गाढव मान खाली घालून उभं राहिलं. "म्हणायचो."

"बघ. घेतलं आणि गप बसलं. आणखी काय करायचं होतं त्यानं? राखणदारानं आधी राखायचं आणि मग खायचं, म्हणून ती डोणी तिथं मांडली. घास कुणाच्या हातून येत नाही, कामाच्या मागून येतो, हे त्याला कळावं म्हणून. तुम्ही डोणी सोडलीत आणि प्रत्येकानं आपलं आपलं हॉटेल उघडलंत."

"आम्ही मायेनं देत होतो," शेळी रडवेली होऊन म्हणाली.

"माया कर की. चाट त्याला, कुशीत घे. माया वेगळी आणि घास वेगळा." म्हातारा मेंढीकडं वळला. "मला हे पिलू सुधारून दाखवायची संधी दे."

मेंढीनं कोकराचा कान पुन्हा एकदा चाटला. "कोकराच्या कानावर खपली धरेल," ती म्हणाली. "ती खपली पडेपर्यंत मी थांबते. तोवर हा राखणदार झाला तर ठीक. नाहीतर मी माझं लेकरू घेऊन चालले, आणि मग तुम्ही आणि तुमची डोणी."

त्याच संध्याकाळी गाढवानं काटे आणून खिंडार बुजवलं. शेळीला ताकीद मिळाली, की कुंपणाला तोंड लावलंस तर लाथ. आणि सगळ्यांना नियम सांगितला गेला, की पिलू भुंकलं तर त्याच्याकडं बघायचंसुद्धा नाही. घास जाईल तो डोणीत, आणि पिलू गप्प असेल तेव्हाच.

सकाळी पिलू कोंबडीसमोर जाऊन बारीक, भराभर भुंकलं. कोंबडीनं कुंपणाकडं तोंड केलं आणि डोळे गच्च मिटले. पिलू शेळीकडं गेलं, एकदा भुंकलं आणि मान वाकडी केली. शेळीला पाझर फुटला. तिनं घाईघाईनं तोंडात पाल्याचा बोकणा कोंबला, म्हणजे तोंडून लाडाचा शब्द निघायला नको. दुपारी गाढवाच्या कानाशी जी सुरुवात झाली ती थांबेना. गाढवानं एक कान मिटला, दुसरा मिटला, कूस बदलली आणि शेवटी ते ओढ्यावर जाऊन पाण्यात उभं राहिलं.

भुंकणं कमी व्हायचं सोडून वाढलंच. मेंढी म्हाताऱ्याच्या कानात ओरडली, "हे काय सुधारणं म्हणायचं? माझ्या लेकराला झोप नाही!"

"दिवा विझताना मोठा होतो," म्हातारा म्हणाला. "धीर धर. मला तर काहीच ऐकू येत नाही."

"तुमचं बरं आहे!"

"हो, फार बरं आहे."

खरंच दुसऱ्या दिवशी भुंकणं जरा ओसरलं. पण तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्याला पिलाच्या मिशांवर काहीतरी दिसलं.

"हे पिवळं कशाचं?"

"चिखल असेल," कोंबडी दुसरीकडं बघत ओरडून म्हणाली.

"पिवळा चिखल?"

"ओढ्याच्या त्या बाजूला असतो कधीकधी."

म्हाताऱ्यानं मिशा हुंगल्या. "अंड्याचा वास येणारा चिखल! वा गं बाई. किती वेळ भुंकल्यावर दिलंस?"

कोंबडीचा चेहरा पडला. "खूप वेळ भुंकत होतं हो. घसा बसला होता त्याचा. मला बघवेना."

"म्हणजे आज तू त्याला नवीन धडा दिलास. थोडं भुंकून मिळत नाही, घसा बसेपर्यंत भुंकावं, मग मिळतं. आता उद्या बघ."

उद्या पाहिलं. पिलानं इतका गोंधळ घातला, की ओढ्यापलीकडच्या पाखरांनी झाडं सोडली. कोंबडी स्वतः जाऊन सर्वांत लांबच्या कोपऱ्यात बसली आणि शेळीला म्हणाली, "मी उठले तर मला टोच." शेळी म्हणाली, "मला चोच नाही." "मग शिंग मार!" एवढी तिला अद्दल घडली. त्यानंतर कुणी चुकलं नाही.

आणि एका सकाळी पिलू उठलं, सगळ्यांकडं पाहिलं, तोंड उघडलं आणि परत मिटलं. ते गुपचूप म्हाताऱ्याजवळ जाऊन बसलं. म्हातारा उठला, हळूहळू कुंपणाच्या कडेनं निघाला. पिलू मागून चाललं. म्हाताऱ्यानं भोक हुंगलं की पिलूही हुंगे. म्हाताऱ्यानं पाय वर केला की पिलूही करी आणि तोल जाऊन पडे. ज्या झुडपापाशी म्हातारा बसत असे तिथंच पिलूही बसायला शिकलं. कोंबडीच्या घरट्यावरचं संकट टळलं. पिलाला शिकवायचं म्हणून म्हातारा या वेळी अर्ध्यातून वळला नाही, पूर्ण फेरी झाली. परत आले तेव्हा डोणीत दूध होतं आणि त्यात भिजलेली भाकरी होती. कुणीही जवळ उभं नव्हतं.

पिलानं डोणीकडं पाहिलं, मग फिरलेल्या वाटेकडं पाहिलं. त्याच्या डोक्यात काहीतरी जाग्यावर बसलं.

रोज असं चाललं. पोट जमिनीवरून वर आलं, पाय लांब झाले. आता प्रश्न राहिला भुंकण्याचा. पिलू इतकं गप्प झालं, की शेळीला वाटलं ते मुकं झालं. "भुंकणंच विसरलं तर काय घ्यायचं?" तिनं म्हाताऱ्याच्या कानात ओरडून विचारलं. म्हातारा म्हणाला, "थांब."

एकदा फेरीच्या वेळी कुंपणापलीकडं रानमांजर दबा धरून बसलं होतं. म्हाताऱ्याच्या नाकाला कळलं आणि तो जागीच थांबला. त्याच्या पाठीवरचे केस उभे राहिले. पिलानंही वास घेतला. त्याच्याही पाठीवरचे केस उभे राहिले आणि त्याच्या तोंडून आपोआप आवाज निघाला. हा आवाज बारीक नव्हता आणि मान वाकडी करून काढलेलाही नव्हता. पोटातून आला होता. म्हाताऱ्यानं सगळ्यांना मानेनं खूण केली. गाढव, शेळी, मेंढी, कोंबडी, सगळे धावत कुंपणाशी आले. रानमांजर पळालं. पिलानं सवयीनं प्रत्येकाच्या तोंडाकडं पाहिलं. कुणाच्या तोंडात काही नव्हतं. पण सगळे आले होते. त्याच्या एका आवाजावर एवढं मोठं गाढव धावत आलं होतं! म्हाताऱ्यानं त्याचं कपाळ चाटलं. उरलेली फेरी पूर्ण झाली आणि मग डोणी.

पुढं ते एकदा फुलपाखरावर भुंकलं. सगळ्यांनी मान वर केली, फुलपाखरू पाहिलं आणि सगळे परत आपापल्या कामाला लागले. पिलू ओशाळलं. कशावर भुंकलं की वाडगं उठतं आणि कशावर भुंकलं की नुसत्या माना उठतात, हे त्याचं त्यालाच समजत गेलं.

इकडं कोकराच्या कानावरची खपली सुकत आली होती. कोकरू आणि पिलू दिवसभर एकमेकांच्या अंगावर उड्या मारत. मेंढी बघे. ती रोज संध्याकाळी कान तपासून पाही.

कोल्हाही बघतच होता. वाडग्यातून भुंकणं ऐकू येईनासं झालं, तेव्हा त्याला वाटलं, पिलाला आता दिवसभर पोटभर मिळत असणार. बरगडीचं दुखणं थांबलं तसा तो निघाला. तीच ऐन दुपार, तीच लिंबाची सावली. आत कोकरू झोपलेलं आणि शेजारी पिलू, डोणीवरून नुकतंच आलेलं. खिंडार बुजलेलं होतं, पण कोल्ह्यानं खालची माती उकरून तोंड आत घातलं.

"काय रे, जेवलास का?"

पिलू उठून उभं राहिलं. पाठीवरचे केस उभे राहिले.

"अरे, ओळखलं नाहीस? मी तोच. पोट भरलंय ना तुझं? मग नीज की शहाण्या!"

पिलानं पोटातून आवाज काढला. एकदा नाही, सारखा. लिंबाखाली गाढव ताडकन उठलं. शेळी उठली, कोंबडी पंख फडफडत आली आणि मेंढी सगळ्यांच्या पुढं होती.

"जेवलेलं दिसतंय आणि तरी भुंकतंय!" कोल्हा म्हणाला. "हे काय नवीनच?" त्याला उत्तर ऐकायला वेळ नव्हता. तोंड मागं ओढताना त्याच्या नाकावर काट्यांची नक्षी उमटली, आणि तो ओढा ओलांडून जो गेला तो करवंदीच्या जाळीतही थांबला नाही.

कवाडात झोपलेल्या म्हाताऱ्याला भुंकणं ऐकू आलं नव्हतं. पण गाढवाच्या धावण्यानं जमीन हादरली तेव्हा त्यानं एक डोळा उघडला. सगळे कुंपणाकडं धावताना दिसले. त्यानं एकेकाचं तोंड पाहिलं. सगळ्यांची तोंडं रिकामी होती. त्यानं डोळा मिटला आणि परत घोरायला लागला.

मेंढीनं कोकराला हुंगलं. धांदलीत कानावरची खपली पडली होती. आत नवी, गुलाबी कातडी आली होती.

"पडली गं खपली," शेळी भीत भीत म्हणाली. "मग? निघालीस का?"

मेंढीनं कुंपणाला अंग घासलं, लोकरीचा एक मोठा पुंजका निघाला, तो तोंडात धरून नेला आणि पिलाच्या जागेवर ठेवला. मग ती आत जाऊन आपल्या कोपऱ्यात बसली, नेहमीसारखी.

संध्याकाळ झाली. आज डोणी काठोकाठ भरली होती. पिलानं म्हाताऱ्याची वाट पाहिली, तो उठेना. मग ते एकटंच कुंपणाच्या कडेनं निघालं. प्रत्येक भोक हुंगलं, कोल्ह्यानं उकरलेल्या जागी जरा जास्त वेळ थांबलं, आणि पुरी फेरी करून परत आलं. तेवढ्यात दुधाच्या वासानं म्हातारा जागा झाला होता. आळस देऊन तो सरळ डोणीकडं आला आणि त्यानं मान खाली घातली.

पिलू मध्ये येऊन उभं राहिलं.

"आजोबा," ते त्याच्या कानात ओरडलं, "फेरी?"

म्हाताऱ्यानं डोळे वटारले. "मला सांगतोस? मला? अरे, तुझ्या दुधाच्या दातांच्या आधीपासून मी या कुंपणाला..."

पिलू जागचं हललं नाही. शेळीनं हसू आवरायला पाल्याचा बोकणा तोंडात कोंबला.

म्हातारा वळला आणि गुरगुरत, कुरकुरत, लंगडत कुंपणाच्या कडेनं निघाला. "काय दिवस आलेत... पोरं शिकवायला लागली... पायांत गोळे येतात माझ्या..." अशी बडबड पार पलीकडच्या कोपऱ्यातून ऐकू येत होती. पण पाठमोरा तो सगळ्यांना दिसत होता, आणि त्याची शेपटी सारखी हलत होती.

तात्पर्य : लहान जीव तुमचं बोलणं ऐकून शिकत नाही, घास कधी पडला त्यावरून शिकतो. तेव्हा माया कधीही करा, पण घास पुढं करताना आपण कशाचं बक्षीस देतोय ते बघा.